‘कशामुळे’चा रकाना

बाळंतिणीच्या वॉर्डात तीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. डॉक्टर लोकांचे किस्से समारंभात सांगितले जातात. आम्हा सिस्टरांचे ड्यूटी रूममध्ये, डबा खाता खाता, दाराकडं एक डोळा ठेवून! माझ्याकडं तर गाठोडंच आहे. फक्त माझ्या किश्शांची एक गंमत आहे बघा. ऐकणारे पोट धरून हसतात आणि सांगून झाल्यावर मला मात्र खाली मान घालावीशी वाटते. कारण बहुतेक सगळ्यांत शहाणपणा मी केलेला आणि शहाणं कुणीतरी दुसरंच निघालेलं.

यातला एक किस्सा मी कधीच कुणाला सांगितला नाही. तो गंगूचा. सांगणार आहे, पण आधी बाकीचे ऐका. एकदम तिथं पोचायची माझी हिंमत नाही.

*

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. जुन्या गावात आमचं एका ट्रस्टचं प्रसूतिगृह होतं, त्याला लागून एक लहानसा जनरल वॉर्डही. दुष्काळाची वर्षं होती, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, आणि तरी चारी बाजूंनी बिल्डिंगा उठत होत्या. आमच्या ट्रस्टींनाही वाटलं, आपण का मागं राहावं? त्यांनी दवाखान्याला मोठं सर्टिफिकेट मिळवायचं ठरवलं आणि मला महिनाभर ट्रेनिंगला पाठवलं.

तिथून मी एक यादी घेऊन आले. नर्सिंग डायग्नोसिसची यादी! म्हणजे काय, तर रोग डॉक्टरांनी लिहायचा. पण त्या बाईला काय होतंय, ती कशातून चाललीय, ते नर्सनं लिहायचं, आणि ते मनाला येईल तसं नाही. यादीत ठरलेला शब्दच वापरायचा, म्हणजे जगातल्या कुठल्याही नर्सला एका वाचनात कळलं पाहिजे. तीन रकाने असायचे. पहिला, काय? दुसरा, कशामुळे? तिसरा, कशावरून? कल्पना फार चांगली होती. आजही मी तेच म्हणते.

पण गाठ माझ्याशी होती! आम्ही कुलकर्णी. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून. आमच्या घरात कागदावरचा शब्द म्हणजे शब्द, त्याला कानामात्रा इकडची तिकडं करायची नाही. मी आठ दिवसांत यादी स्तोत्रासारखी पाठ केली. मेट्रनबाई खूश! सगळ्या वॉर्डाच्या फायली माझ्या ताब्यात आल्या.

पहिल्या दिवशी कळा देणाऱ्या एका बाईच्या फाइलवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘तीव्र वेदना. कशामुळे? प्रसूतिकळांमुळे. कशावरून? रुग्ण ओरडत आहे.’

आमच्या रहीमा खाला, वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या आया. त्यांना मी ते अभिमानानं वाचून दाखवलं. खाला लादी पुसत होत्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई, ये समझने के वास्ते तुमकू रेलगाडी में बिठाके भेजे थे क्या?”

*

दुसरा छावणीतला. म्हणजे बाई लष्कराच्या छावणीतली, एका हवालदाराची बायको. पहिलटकरीण, दोन दिवसांची बाळंतीण, बाळ रडकं. बिचारीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

यादीत ‘निद्राक्रमात बिघाड’ असा शब्द आहे. पण रुग्णाला विचारल्याशिवाय लिहायचा नाही, असा नियम. नियम म्हणजे नियम! भर दुपारी मी फाइल घेऊन गेले तर बाई आणि बाळ दोघंही गाढ झोपलेली. मी तिच्या खांद्याला हात लावून हलवलं. नाही उठली. जरा जोरात हलवलं. बाई दचकून उठली, बाळही उठलं आणि त्यानं भोकाड पसरलं.

मी पेन सरसावून विचारलं, “ताई, झोप होते का व्यवस्थित?”

तिनं रडणाऱ्या बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “होत होती!”

*

खुलताबादच्या डोंगराकडून एक बाई आली. मेंढरं राखणारं घर. अंगठेबहाद्दर. चौथं बाळंतपण. मी तिला माझे ठरलेले प्रश्न विचारले. नववा महिना कधी लागला? माहीत नाही. रक्त तपासलं होतं का? माहीत नाही. मी लिहिलं, ‘ज्ञानाचा अभाव, प्रसूतीविषयी.’

तोवर ती आपल्या पोटावरून हात फिरवत होती. म्हणाली, “सिस्टर, डोकं वर हाय बरं का ह्याचं. डाक्टरला सांगा.”

“तू झोप गप. डॉक्टर बघतील.”

“आवो, ध्यान द्या जरा. मेंढीच्या पोटात बी हाताला असंच लागतंय. लेकरू पायाळू हाय.”

मी हसले. खरंच हसले हो! फाइल बंद केली आणि चहा प्यायला गेले. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई आल्या, पोटाला हात लावला आणि ओरडल्या, “अगं, ब्रीच आहे! डोकं वर आहे! कुणी तपासलं हिला?” मग धावपळ, सिझेरियन. देवाच्या कृपेनं मायलेकरं सुखरूप राहिली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. ‘ज्ञानाचा अभाव’ वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत शांतपणे विचारलं, “सिस्टर, हे कुणाबद्दल लिहिलंय?”

*

फायली वाढायला लागल्या तेव्हा मेट्रनबाईंनी एक शक्कल काढली. गुलमंडीवरून रबरी शिक्के करून आणले! नेहमीचे सात शब्द, सात शिक्के आणि एक जांभळं पॅड. लिहायला नको, मारा शिक्का. माझी जोडीदारीण शिंदे सिस्टर तर एका दमात वीस फायली उडवायची.

तपासणीचे साहेब आले त्या दिवशी शेजारच्या जनरल वॉर्डातल्या तीन-चार फायली चुकून आमच्या गठ्ठ्यात आल्या. शिंदेबाईंचा हात काही थांबला नाही. साहेबांनी नेमकी त्यातलीच एक उचलली. हर्नियाचं ऑपरेशन झालेले अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ, मिशाबिशा असलेले. त्यांच्या फाइलवर ठळक जांभळा शिक्का होता, ‘स्तनपान: परिणामकारक.’

साहेबांनी नाव पुन्हा वाचलं. वय वाचलं. मग मेट्रनबाईंना म्हणाले, “बाई, तुमचा दवाखाना फारच पुढं गेलाय!”

*

हा हसण्यासारखा नाही. पण सांगायला घेतलंय तर सांगते.

एका बाईचं बाळ पोटातच गेलं. पूर्ण दिवसांचं. ती कॉटवर भिंतीकडं बघत बसलेली. रडत नव्हती, बोलत नव्हती. मला प्रश्न पडला, लिहायचं काय? ‘शोक’ लिहावा तर ‘कशावरून’च्या रकान्यात लक्षणं पाहिजेत. रडणं, आक्रोश, जेवण टाकणं. हिनं तर सकाळी चहा घेतला होता!

मी स्टूल ओढून बसले आणि तिला विचारलं, “ताई, रडायला येतंय का? काही वाटतंय का?” तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातला कागद बघितला. सासुरवाशीण, अदबीनं वागणारी पोर ती, तिला वाटलं सरकारी काम असेल.

म्हणाली, “रडावं लागतंय का सिस्टर? रडते मग.”

खालांनी माझ्या हातातली फाइल काढून घेतली. “उठो तुम,” म्हणाल्या, आणि त्या जागेवर स्वतः बसल्या.  तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा ती रडली. मी दाराबाहेर उभी होते. आत जायची लाज वाटली.

*

पुढं माझंही बाळंतपण आलं, आमच्याच दवाखान्यात. वॉर्डातल्या बायांना मी दिवसभर सांगायची, ‘ओरडू नका, लांब श्वास घ्या.’ माझ्या कळा सुरू झाल्या आणि मी असली ओरडले की खालच्या रस्त्यावरचा पानवाला वर बघायला लागला! नवऱ्याला शिव्या, शिंदेबाईंना शिव्या, मेट्रनबाईंनाही एक दिली म्हणतात. मला आठवत नाही.

खाला माझे पाय धरून उभ्या. मधेच वाकून म्हणाल्या, “कुलकर्णीबाई, बोलो, कौनसा ठप्पा मारूं?”

बाळ झालं, मुलगी. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप माझी फाइल उघडून बघितली. शिंदेबाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘ज्ञानाचा अभाव, प्रसूतीविषयी.’

*

आता गंगू.

हा त्या शिक्क्यांच्याच दिवसांतला. तीही मेंढरंवाल्यांतली. दुष्काळात चारा नाही म्हणून मेंढरं विकली आणि नवरा-बायको हर्सूलच्या कडेला एका स्कीमच्या बांधकामावर येऊन राहिले. पत्र्याची झोपडी, सोबत सासू. गंगूला मुलगी झाली. नीट झाली, काही त्रास नाही.

त्या आठवड्यात तपासणी होती. आणि त्याच आठवड्यात वॉर्डाच्या नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. टाकीतलं होतं नव्हतं ते बाळंतपणाच्या खोलीसाठी राखलेलं. साहेबांसमोर वॉर्ड स्वच्छ दिसला पाहिजे म्हणून मेट्रनबाई मला बोलल्या, आणि मी बायांना बोलत सुटले. गंगूच्या कॉटशी उभी राहून मी पाठ केलेलं म्हटलं, “रोज आंघोळ करायची. बाळाचे कपडे रोजच्या रोज धुवायचे. हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. कळलं?”

तिनं एकदा कोपऱ्यातल्या नळाकडं बघितलं. एकदा माझ्याकडं बघितलं. “व्हय,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गंगू वॉर्डात नाही. बाळ खालांच्या मांडीवर. अकरा वाजले, बारा वाजले. मेट्रनबाईंच्या चकरा सुरू झाल्या. तपासणीवाले कधीही वर येतील आणि इथं बाळ आहे, आई नाही! मला घाम फुटला. तीन वाजता गंगू दारात दिसली. घामानं निथळत होती, पदर कमरेला खोचलेला आणि डोक्यावर तेलाचा जुना प्लास्टिकचा डबा. तीन दिवसांची बाळंतीण.

मी तिला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं. “लाज वाटते का? तीन दिवसांचं लेकरू टाकून कुठं हिंडत होतीस?”

“सिस्टर, टँकर...”

“मला कारणं सांगू नकोस!”

तिनं डबा हळूच खाली ठेवला आणि बाळाला घ्यायला वळली. मी टेबलाशी आले, तिचं डिस्चार्ज कार्ड ओढलं आणि सातातला सगळ्यांत जड शिक्का मारला, ‘पालकत्वात बाधा.’ तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘आई पाच तास बाळाला सोडून बेपत्ता.’ मधला रकाना, कशामुळे, तो तसाच सोडला. खाली सही केली. मेट्रनबाईंनी लगेच कार्डांचा गठ्ठा साहेबांपुढं नेला.

तासाभरानं एक बाळंतपण आलं. टाकीतलं पाणी संपलेलं. मी हात पुढं केले, “खाला, पाणी!” खालांनी ओतलं, मी हात धुतले, बाळंतपण केलं. पुन्हा हात धुतले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, “खाला, पाणी आलं वाटतं नळाला?”

“नळ कू कहां का पानी,” खाला म्हणाल्या. “गंगू का है. हर्सूल पे टँकर आता ना, वहां लाइन लगाके भरके लायी. जाते चलके, आते चलके. आधा बच्ची के कपडे धोनेकू रक्खी. आधा मेरेकू दी, बोली, सिस्टर को हाथ धोने लगता.”

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले.

तेव्हाच जाऊन कार्ड बदलायचं की नाही? पण कार्ड साहेबांपुढं होतं. खाडाखोड दिसली असती, मेट्रनबाई चिडल्या असत्या, माझं नाव खराब झालं असतं. म्हटलं, उद्या सकाळी बदलू. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर आले तर कॉट रिकामी होती. सकाळीच नवरा येऊन घेऊन गेला होता, कार्डासकट.

आम्हाला सर्टिफिकेट मिळालं. पेढे वाटले. मीही खाल्ला.

सहा महिन्यांनी घरोघर फिरणारी आरोग्यसेविका वॉर्डात आली. गप्पांच्या ओघात म्हणाली, “तुमची ती हर्सूलची केस हो, पालकत्व बाधितवाली. तुमच्या कार्डावर होतं म्हणून मी दर आठवड्याला बघायला जाते, शेजाऱ्यांना विचारते. सासूनं तर सगळ्या वस्तीत केलंय. दवाखान्यानं लिहून दिलंय म्हणते, हिला लेकरू सांभाळता येत नाय. पोरगी सासूच घेऊन बसते. आईला फक्त पाजायला देते.”

 पुढच्या रविवारी नवं कार्ड, नीट भरलेलं, पर्समध्ये घालून मी हर्सूलला गेले. झोपड्या उठवल्या होत्या. बिल्डिंग पुरी झाली होती. गेटवर मोठा फलक, ‘दोन बेडरूम, लिफ्ट, चोवीस तास पाणी.’ वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, “काम संपलं, चार दिवसांमागं लोक गेले. कुठं ते काय माहीत?”

ते नवं कार्ड माझ्या पर्समध्ये दोन वर्षं होतं. मग पर्स फाटली.

*

आता मी एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. पोरी मला घाबरतात. माझा एकच नियम आहे, ‘कशामुळे’चा रकाना रिकामा दिसला की बाकी कितीही छान लिहा, शून्य! पोरी म्हणतात, मॅडम फार खडूस आहेत. असू दे.

गेल्या वर्षी मी सेकंड इयरला एक काम दिलं. घरातलं एखादं जुनं डिस्चार्ज कार्ड आणा, आणि नर्सनं त्यात काय चुकवलंय ते शोधून काढा. पोरींनी हौसेनं आणली. आत्याचं, मावशीचं, कुणी स्वतःच्याच जन्माचं.

तास संपल्यावर सगळ्या गेल्या. पूजा नावाची एक मागं राहिली. हुशार, कमी बोलणारी. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. घड्यांवर विरलेलं. जांभळा शिक्का फिका पडला होता, पण वाचता येत होता. खालची सही मी कुठंही ओळखली असती.

“छान जपलंय,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

“आईनं नाय जपलं मॅडम. आजीनं जपलं,” ती म्हणाली. “भांडण झालं की काढायची. आजी गेली तवा तिच्या ट्रंकेत सापडलं.”

मी मान वर केली नाही. तिनं मधल्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे रिकामं हाय. किती मार्क मॅडम?”

लाल पेन माझ्या हातातच होता. माझ्या सहीशेजारी मी शून्य काढलं. नीट, गोल, पोरींच्या वहीत काढते तसं. तिनं कार्ड उचललं, शून्य बघितलं, आणि परत पिशवीत घातलं.

“आई खाली उभी हाय,” ती म्हणाली. “फीचं फॉर्म भरायला आली होती. तुमचं नाव सांगितलं तवा म्हणाली, भेटून जाते.”

जिना उतरताना मी वीस वर्षांचं सगळं मनात जुळवत होते. आधी माफी मागायची, मग खालांनी सांगितलेलं सांगायचं, मग त्या रविवारचं. खाली पोचले. पोर्चच्या खांबाला टेकून गंगू उभी होती. केस पांढरे झालेले, पदर तसाच कमरेला खोचलेला. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि हात जोडले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं बघितलं.

“सिस्टर,” ती म्हणाली, “आता येतंय का वो दवाखान्यात नळाला पाणी?”